पाच गाठींचा धागा

शिस्त कशी लावायची हे मला कुणी शिकवू नये, असं माझं मत होतं आणि ते मी स्टाफरूममध्ये न विचारता सांगत असे. सोनगीरजवळच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं खेळ शिकवतो. माझी शिट्टी वाजली की हायवेवरचा ट्रकसुद्धा वेग कमी करतो, असं मुलं म्हणतात. निदान मी तरी तसं सांगतो.

तर दिवाळीच्या आधी संस्थेकडून एक पत्र आलं. गणवेश म्हणजे गणवेश. हातात, गळ्यात, कपाळावर कोणत्याही धर्माची खूण नको, नियम सर्वांना सारखा. आमच्या मुख्याध्यापिका संघमित्रा मॅडमनी ते दोनदा वाचलं. त्यांचं म्हणणं पडलं की आधी पालकांची सभा घेऊ, लोकांचं ऐकून घेऊ, मग संस्थेला काय ते कळवू. मॅडमचं सगळं असंच सावकाश.

मी म्हणालो, "मॅडम, सभा कशाला? सोमवारी प्रार्थनेच्या आत शाळा मोकळी करून दाखवतो."

मॅडमनी ते माझ्याकडून लिहून घेतलं. मला तेव्हा तो सन्मान वाटला.

सोमवारी सकाळी मी फाटकात उभा राहिलो. शेजारी आमचे शिपाई छगनभाऊ, त्यांच्या हातात फरसाणाचा रिकामा पत्र्याचा डबा. माझी योजना बिनचूक होती. प्रत्येकाची वस्तू पाकिटात घालायची, वर नाव लिहायचं, सुटीच्या वेळी परत द्यायची. शाळेत पाकिटं निघाली बावीस. तेविसाव्या मुलाला मी सांगितलं की टाक डब्यात, मी तुम्हाला एकेकाला ओळखतो. मी मुलांना ओळखतो, धाग्यांना नाही, हा बारीक फरक त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही.

डबा भरत गेला. गडावरून आणलेले लाल धागे, नजरेचे काळे धागे, तुळशीच्या माळा, तावीज, विहारात परित्राण पाठाला बांधलेले पांढरे दोरे. पाचवीतल्या एका आज्ञाधारक मुलाने कमरेचा करदोडाही सोडून दिला. त्याची चड्डी त्या करदोड्याच्याच भरवशावर होती, हे राष्ट्रगीताच्या वेळी सगळ्या शाळेला कळलं.

शेवटी आली दिपमाला. ही नववीतली, आठशे मीटरची माझी धावपटू. दोन वर्षं मी तिला रोज संध्याकाळी पळवत होतो, आणि गुरुवारी धुळ्याला जिल्हा स्पर्धा होती. ती जिंकणार असं मी तालुकाभर सांगून ठेवलं होतं. तिने गळ्यातला काळा धागा डोक्यातून काढला आणि डब्यात टाकून पुढे गेली. ऑफिसच्या खिडकीत उभ्या मॅडमकडे मी विजयी नजरेने बघितलं. मॅडम खिडकी लावून आत गेल्या.

डब्याचं झाकण लागेना, म्हणून छगनभाऊंनी डबा चार वेळा जमिनीवर आपटला आणि वरून बसले. पाच वाजता मी त्यातला एक धागा ओढला, तर बाकीचे सगळेच वर आले. शाळेची सर्वधर्मीय श्रद्धा एका गोळ्यात, वरून शेवेचा चुरा! मुलांनी ओढाओढ केली. थोड्यांना आपलं मिळालं, बऱ्याच जणांना दुसऱ्याचं, आणि उरलेली तशीच घरी गेली.

मंगळवारी पालक आले. सभा घ्यायची नाही म्हणालो होतो. ही न बोलावता भरली. लोक ऑफिसात सतरंजीवर गोळ्याभोवती बसून गाठी सोडवू लागले. तावीज ओळखू आले, माळा ओळखू आल्या, पांढरे दोरे फरसाणाच्या तेलाने पिवळे झाले होते तरी ओळखू आले. काळे धागे मात्र एकतीस उरले, आणि एकतीसच्या एकतीस दिसायला सारखे.

तेवढ्यात दिपमालाची आजी धुरपदाबाई आल्या. मागे दिपमाला, मान खाली. नात सातवीत तापाने अंथरुणाला खिळली होती तेव्हा धुरपदाबाईंनी तो धागा बांधला होता. ती दहावी होईपर्यंत तो काढायचा नाही, असं त्या देवाला बोलल्या होत्या. धागा नाही तर पोरगी धुळ्याच्या बसमध्ये चढणार नाही, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं.

दोन वर्षांची मेहनत एका दोऱ्याला लटकली होती. मी पटकन एक बरासा काळा धागा उचलला आणि हाच तो, मला चांगला आठवतो, असं म्हणून त्यांच्या हातावर ठेवला.

धुरपदाबाईंनी तो बोटांवर फिरवला. मग नाकाशी नेला.

"मास्तर, मी पाच गाठी मारेल व्हत्यात. यामा सात शेतस. आनि याले शेवना वास येस."

पालक हसले. धुरपदाबाईंनी उरलेले तीसही तपासले, पाच गाठींचा एकही निघाला नाही. मी घसा साफ केला आणि नियमाची बाजू मांडली. मी म्हणालो की धागा हरवला हे वाईट झालं, पण शाळेत सगळे सारखे दिसायला हवेत. बोलताना माझा उजवा हात हलत होता. धुरपदाबाई त्या हाताकडे बघत होत्या.

"मंग तुमना बोटमा हाई काय शे?"

ती माझी पुष्कराजाची अंगठी. मला सुपरवायझरपद मिळावं म्हणून रत्नाने, म्हणजे माझ्या बायकोने, पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना विचारून घातलेली. मी सांगून पाहिलं की तो दागिना आहे. मॅडमनी पत्र उघडलं, चष्मा लावला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, दागिने दुसऱ्या परिच्छेदात आहेत."

मी अंगठी ओढली. ती निघेना. चार वर्षांत पद मिळालं नव्हतं, पण बोट मात्र भरपूर वाढलं होतं. साबण झाला, खोबरेल झालं. बोट वांग्यासारखं झालं. मग छगनभाऊंना आठवलं की बोटाला दोरा घट्ट गुंडाळला की अंगठी सरकते. त्यांनी समोरच्या ढिगातला एक काळा धागा घेतला, गुंडाळला आणि ओढला. धागा तुटला. मागून एक बाई म्हणाल्या की तो आमचा होता. इतका वेळ त्यांनाही तो ओळखू आला नव्हता!

शेवटी गावात गेलो. सोनार लग्नाला गेलेला, म्हणून छगनभाऊंनी मला तांबटाकडे नेलं. त्याने हंडे कापायची कात्री काढली, माझा चेहरा पाहून परत ठेवली आणि कानशीने अर्धा तास घासून अंगठी कापली. बोटाला पट्टी बांधून शाळेत परतलो तर पालक बसलेलेच. एव्हाना त्यांनी चहा मागवला होता.

मी धुरपदाबाईंसमोर खाली बसलो. इतक्या लोकांत असं बसायची मला सवय नाही.

"अक्का, चूक माझी आहे. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आणि मघाशी तुम्हाला फसवायला निघालो होतो."

त्यांनी पिशवीतून काळ्या दोऱ्याची रीळ काढली, पुटपुटत एकेक करून पाच गाठी मारल्या आणि नातीच्या गळ्यात धागा घातला. धुळ्याला मात्र मीही येणार, माझ्या नजरेसमोर पोर पळली पाहिजे, असं त्यांनी बजावलं. मॅडमनी संस्थेला कळवलं की सभा होईपर्यंत अंमलबजावणी थांबवली आहे. सोबत माझा लेखी शब्द जोडला.

गुरुवारी धुळ्याच्या मैदानावर धुरपदाबाई मंडपाच्या पहिल्या रांगेत बसल्या. धावपटूंची नावं पुकारली. दिपमाला रेषेकडे निघाली आणि वळून माझ्याकडे आली. आजीकडे पाठ करून तिने धागा डोक्यातून काढला आणि माझ्या मुठीत कोंबला.

"नीट धरा सर. पळताना घामाने काचतो. मी नेहमी काढूनच पळते."

"नेहमी?"

"दप्तरात ठेवते. आजीला नका सांगू."

दोन वर्षं माझं लक्ष घड्याळात होतं.

बंदूक वाजली. दिपमाला पहिल्या फेरीत चौथी होती, दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर दुसरी, आणि रेषेवर पहिली. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. मी मूठ आवळून उभा होतो. घड्याळाचं बटण दाबायचंही राहून गेलं.

धुरपदाबाई मंडपातून उठून थेट माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले. "पोर नही पळनी मास्तर. मना धागा पळना."

"हो अक्का," मी म्हणालो आणि मूठ खिशात घातली.

मग त्या पदर सावरून नातीला कुरवाळायला निघाल्या, चांगल्या भरभर. दिपमाला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, गळा मोकळा. आणि मी, या वयात, या पोटासकट, धागा मुठीत धरून त्यांच्या आधी पोचायला धावत सुटलो. माझी वेळ कुणी नोंदवली नाही, पण त्या दिवशी जिल्ह्यात मी दुसरा तरी आलो असेन.