चीनला निघालेली गाडी आणि आईचं 'हाव'

चीनमध्ये आमची गाडी विकून दाखवली नाही, तर राजाराम हे नाव लावणार नाही! असं मी ऑफिसच्या किचनमध्ये, हातात कॉफीचा मग धरून, चारचौघांत जाहीर केलं. वर मग असा काही आपटला की निम्मी कॉफी शर्टावर.

मी अमेरिकेत, क्युपर्टिनोत एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवतो. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा ते आठवत नाही. पण गाडी? अहाहा! आत एकही बटण नाही. सगळं बोलून! 'काच खाली घे' म्हटलं की काच खाली. ही गाडी आता चीनला पाठवायची, आणि त्यासाठी नेमलेली 'चायना टीम' म्हणजे मी आणि माझा बॉस सुशांत.

सुशांत पुण्याचा. मी नागपूरचा. एवढं सांगितलं की सुज्ञांना पुढचं कळतं. मी 'हाव' म्हटलं की तो हातातलं काम टाकून मला सुधारायला येतो.

"राजाराम, 'हो' म्हणावं रे. हो. हाव म्हणजे लोभ!"

"हाव," मी म्हणायचो.

तर माझी थिअरी साधी होती. इम्पोर्टेड! लहानपणी आमच्या मावशीच्या शोकेसमध्ये दुबईहून आलेला साबण होता. तो तिनं जन्मात वापरला नाही. पाहुणे आले की काच सरकवून फक्त वास द्यायची, तोही जवळच्या पाहुण्यांना. पुढे साबणाला तडे गेले, पण मान तोच. आता मला सांगा, माणूस इथून तिथून सारखाच की नाही? आपल्याला फॉरेनच्या साबणाचं एवढं कौतुक, तर चिनी माणसाला फॉरेनच्या गाडीचं किती असेल! मीटिंगमध्ये मी साबणाचं बोललो नाही. वर जाणारा एक हिरवा बाण दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता चीनमधल्या चेंगडूहून लू मॅडम येणार होत्या. बाहेरच्या गाड्या चीनमध्ये नेऊन विकणं हा त्यांचा धंदा. त्यांना गाडी आवडली तर चायना टीम राहणार. नाही आवडली तर टीम बंद, माझी नोकरी बंद, आणि नोकरीच्या शेपटाला बांधलेला व्हिसाही बंद.

"राजा, नीट कर हं," बायको म्हणाली. आश्लेषा एरवी मला राजा म्हणत नाही. "रुहीला आत्ता कुठे शाळेत मैत्रिणी मिळाल्यात."

"तू बघच!" मी म्हणालो.

आदल्या दिवशी मी गाडी घरी आणली. चार्ज करून सकाळी घेऊन यायची, एवढंच काम. चीनला जाणारं मॉडेल म्हणून ती फक्त चिनी बोलायची आणि चिनीच समजायची. टेस्टिंगसाठी आम्ही एक मराठी माणसाला शोभेलशी सोय करून घेतली होती. सुरू करायचा आणि बंद करायचा असे दोन चिनी शब्द मी पाठ केले होते. बस्स.

सकाळी अंघोळ करून येतो तर आई गाडीत! माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली आहे. हातात हळदीकुंकवाची कोयरी, चाकाखाली लिंबू, आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंगला कुंकू लावतेय.

"आई, अगं कंपनीची गाडी आहे ती!"

"मंग? कंपनीची गाडी पूजेबिगर फिरन काय? एवढी परदेशी चालली लेकरू." तिनं बॉनेटकडे बोट केलं. "स्वस्तिक काढू ना?"

"नको, नको! इथे भलताच अर्थ होतो त्याचा. कुंकू पुरे."

तेवढ्यात गाडी बोलली. गोड, आर्जवी बाईचा आवाज. लांबलचक चिनी वाक्य, आणि शेवटी अगदी स्पष्ट, "...हाव मा?"

आईच्या हातातली कोयरी तशीच राहिली.

"अगं माय माय माय! राजा, हे तं आपल्यातलं बोलते! मले 'हाव माय' म्हनते!"

"आई, ते चिनी आहे. 'चालेल का' असं काहीतरी..."

"हाव वं बाई, हाव!" आईनं स्टिअरिंगवरून मायेनं हात फिरवला. "लय गुनाची हाय पोरगी."

गाडीतून टिंग असं वाजलं. मागच्या सीटवर दप्तर घेऊन बसलेली रुही म्हणाली, "Dad, it took Aaji's picture."

मी हसलो. मूर्खासारखा हसलो!

कारण आई उतरल्यावर मी बसलो, आणि माझा पाठ केलेला शब्द म्हटला. गाडी ढिम्म. पुन्हा म्हटला. ढिम्म! स्क्रीनवर आईचा फोटो, कपाळभर कुंकू, आणि खाली काहीतरी चिनी. मी सुशांतला फोन लावून सगळं सांगितलं.

"अरे, काकू ओनर म्हणून रजिस्टर झाल्या!" सुशांत किंचाळला. "गाडीनं विचारलं असणार, तुम्ही माझ्या मालक का? चिनीत 'हाव' म्हणजे चांगलं, चालेल. आणि काकूंनी..."

"हाव म्हटलं."

"आता ती फक्त त्यांचंच ऐकणार! रीसेट करायला दुपार होईल. मॅडम तासाभरात येतायत! तू... तू काकूंनाच घेऊन ये."

तर अशा रीतीनं, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या संधीला मी आईसह रवाना झालो. इरकली साडी, पायात आश्लेषाचे स्पोर्ट्स शूज, मांडीवर डबा. मी स्टिअरिंगवर, आई शेजारी. गाडीनं विचारलं, "हाव मा?" आई म्हणाली, "हाव!" आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मला वाटलं, जमतंय की!

लू मॅडम ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, डोळे एकदम तल्लख. बॉनेटवरचं कुंकू पाहून खूश झाल्या. लाल रंग त्यांच्याकडे शुभ म्हणे. सुशांतनं माझ्याकडे 'वाचलास' असं पाहिलं आणि आईची ओळख करून दिली, "आमच्या व्हॉइस कन्सल्टंट." आईनं नमस्कार केला. मॅडम आणि सुशांत मागे बसले, आणि आम्ही स्टीव्हन्स क्रीक रोडला लागलो.

"गाडीत एकही बटण नाही!" मी छाती फुगवून इंग्रजीत सांगितलं.

गाडीनं हळूच काही विचारलं. "...हाव मा?"

"हाव," आई म्हणाली.

मागच्या दोन्ही सीट सपाट झाल्या! सुशांत आणि लू मॅडम शेजारी शेजारी, छताकडे बघत, उताणे!

"काकू!" सुशांत ओरडला.

"काऊन रे, झोप आली काय?"

"...हाव मा?"

"हाव वं, बाई."

सीट मसाज करू लागल्या. सुशांतचा आवाज ग-ग-ग-ग असा यायला लागला. "का-का-काकू, हा-हाव म्हणू नका!"

"हाव, नाही म्हनत," आई म्हणाली.

चारी काचा खाली! वरचं छप्पर उघडं! मॅडमचा स्कार्फ उडाला तो थेट मागच्या ट्रकच्या काचेवर. पाठोपाठ हीटर. त्यानंतर एक चिनी गाणं, ढोल आणि झांजांसकट, इतक्या जोरात की फुटपाथवरच्या आजोबांनी टोपी काढली. मला वाटतं त्यांना अंत्ययात्रा वाटली असावी. मॅडम मागून जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, "बु याव! बु याव!"

"कोन्या बुवाले बोलावते हे?" आईनं विचारलं.

"आई, तू काहीही बोलू नकोस! कळलं?"

"हाव."

आणि स्टिअरिंग माझ्या हातातून आपोआप फिरलं! मी ब्रेकवर पाय ठेवून डोळे मिटले. डोळ्यांसमोर रुहीच्या मैत्रिणी येऊन गेल्या. उघडले तेव्हा गाडी एका भारतीय किराणा दुकानासमोर, दोन व्हॅनच्या मधल्या फटीत, केसभरही न चुकता पार्क होत होती. अहो, मी ही गाडी विकतो, पण ती हे असलं काही करते ते मला ठाऊक नव्हतं! मी आ वासून बघत राहिलो. सीटचा मसाज अजून चालूच होता.

आता लू मॅडमनी पडल्या पडल्याच आईचा खांदा धरला. मान हलवून, डोळे मोठे करून म्हणाल्या, "बु!"

आईला ते बरोबर कळलं. लहान मुलाला घाबरवतात तसे दोन्ही पंजे वर करून ती स्क्रीनकडे वळली, आणि पोटातून ओरडली, "बूऽऽ!"

सगळं बंद. गाणं, हीटर, मसाज, सगळं. सीट हळूहळू सरळ झाल्या. चिनीत 'बु' म्हणजे 'नाही', हे मला तेव्हा कळलं.

मग मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. आईनं डबा उघडून त्यांना सांबारवडी, म्हणजे आमच्या नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, दिली. त्यांनी एक खाल्ली, दुसरी घेतली, आणि फोन काढून आम्हाला त्यांच्या गावातल्या गाड्या दाखवल्या.

काय सांगू तुम्हाला! एक गाडी जागच्या जागी उडी मारत होती. एक पाण्यात तरंगत होती, बदकासारखी! एकीच्या टपावरून ड्रोन उडाला आणि फिरून परत येऊन बसला. एक तर चहा पिऊन होईस्तोवर चार्ज झाली, आणि भाव आमच्या गाडीच्या निम्मा. मी, सुशांत, आई, तिघंही फोनवर डोकी टेकवून बघत होतो. मावशीच्या शोकेसबाहेर आम्ही पोरं अशीच नाकं टेकवून उभी असायचो. फक्त या वेळी काचेच्या बाहेर अमेरिका होती!

"हे सगळं घरच्या घरी असताना," मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आमचा माणूस समुद्रापलीकडून गाडी का मागवेल? पूर्वी मागवायचा. आता नाही. सॉरी."

माझा हिरवा बाण कुठे घुसला ते मी सांगत नाही. मला एकदम रडू आलं. आईनं पाहिलं.

"काय म्हनते रे हे?"

"गाडी नको म्हणतेय, आई. आपल्याला परत जावं लागेल बहुतेक."

"मंग मी तं सगळ्याले हाव म्हनत होती!"

"तेच तर ना! का म्हणत होतीस? तुला एक शब्द तरी कळत होता?"

"त्यात काय कळाचं?" आई चिडली. "एवढं गोड बोलते कोनी तं हाव म्हना लागते. त्याचा अर्थ 'कर' असा थोडीच असते!"

मॅडमनी विचारलं, काय म्हणतायत? मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मॅडमच्या हातातली वडी अर्ध्यावर थांबली.

"माझी आईसुद्धा!" त्या म्हणाल्या. "चेंगडूत, आमच्या त्या उडी मारणाऱ्या गाडीत! गाडीनं काही विचारलं, आई हाव म्हणाली, आणि गाडी तिला घेऊन कार वॉशमध्ये शिरली. काचा उघड्या! म्हातारं माणूस हाव म्हणतं ते 'ऐकतोय' म्हणून, 'कर' म्हणून नव्हे. एवढं आमच्या एकाही गाडीला कळत नाही." त्या आमच्याकडे वळल्या. "होकार कुठला आणि हुंकार कुठला, हे ओळखणारं सॉफ्टवेअर बनवाल? गाड्या राहू द्या. तेवढं मी तुमच्याकडून चीनला नेते."

सुशांत माझ्याकडे बघायला लागला, मी सुशांतकडे, आणि गाडीनं संधी साधून आईला विचारलं, "हाव मा?"

"बूऽऽ!" आम्ही चौघंही ओरडलो.

तर चायना टीम शाबूत आहे. रुहीची शाळाही. चीनमध्ये आमची गाडी मात्र एकही विकली गेलेली नाही, त्यामुळे बोलल्याप्रमाणे मी नाव बदलायला हवं, असं ऑफिसातले लोक अधूनमधून सुचवतात. त्याची गरज उरलेली नाही. आता मला कोणी राजाराम म्हणतच नाही, सगळे 'काकूंचा मुलगा' म्हणतात. गाडी रीसेट कोणी केलीच नाही, ती अजून आईच्याच नावावर, त्यामुळे मी रोज आईला घेऊनच ऑफिसला येतो. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, म्हणून आई नुसती भेटीला येते आणि फुकट रागावते. काचेच्या खोलीत सुशांत बसलेला असतो, सॉफ्टवेअरला नमुने देत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. "हाव. हाव. हाव."

"तसं नाही रे पुनेकरा," आई सांगते. "नाकातून येऊन राहिलं. पोटातून म्हन, पोटातून!"