सहा पुड्या आणि एक बंद लिफाफा

मंगळवारी सकाळी लिफ्ट मेकॅनिकला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गरगरलं. पहिल्या पायरीवर तो ठणठणीत होता. बढतीच्या काळजीने झोप उडाली म्हणून आदल्या रात्री त्याने आयुष्यातली पहिली झोपेची गोळी घेतली होती. घेण्याआधी खोक्यातला माहितीचा कागद, दुष्परिणामांसकट, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

"गोळीमुळे होत असेल तर गोळी बंद, तुम्ही कामावर," कंपनीचे डॉक्टर म्हणाले. "तसं नसेल तर उंचावर चढणं बंद. स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट द्यायचे. सोमवारी या. तोवर शिडीला हात लावायचा नाही."

वीस वर्षं उंचावर काढलेल्या माणसाला स्टोअर म्हणजे जिवंतपणी अडगळीत टाकणं. गोळीच दोषी ठरायला हवी होती.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. "असं अंदाजाने ठरत नसतं," ती म्हणाली. "प्रयोग करायचा. सहा रात्री, सहा पुड्या. तीन पुड्यांत गोळीची पूड, उरलेल्या तिनांत पिठीसाखर. चव कळू नये म्हणून मधातून घ्यायची. कशात काय, ते तुम्हालाही कळता कामा नये आणि मलाही."

"मग कळणार कुणाला?"

"आईंना. पण कशासाठी ते सांगू नका, उगाच घोर लावून घेतील."

मेकॅनिकच्या आईने पुड्या बांधल्या, नंबर घातले, यादी लिहून लिफाफा चिकटवला. त्याच संध्याकाळी घरात कुणी नाही असं बघून मेकॅनिकने तो किटलीच्या वाफेवर धरला. गोळीच्या पुड्या: दोन, तीन, पाच. परत चिकटवला. लबाडी नव्हती त्याच्या मनात. नुसती मनाची तयारी.

पहिल्या पुडीनंतर तो टवटवीत उठला. दुसरीनंतर मात्र फरशी खरोखरच तिरपी झाली. दरदरून घाम फुटला.

"आली! चक्कर आली!" आईला ऐकू जाऊ नये म्हणून तो पलंगाची कड धरून दबक्या आवाजात ओरडला.

"हलू नका! नाडी बघू द्या!" बायको वही घेऊन धावली. आवाजात काळजी होती, पण आनंद जास्त. तिसरीला चक्कर, चौथीला नाही, पाचवीला जोरदार, सहावीला नाही. वही लाल शाईने भरली.

सोमवारी तिघं दवाखान्यात गेले. बायकोने वही डॉक्टरांपुढे उघडली आणि लिफाफा फोडला.

"दोन, तीन, पाच! अहो, तंतोतंत!"

"वा!" डॉक्टरही खुर्चीतून उठले. "इतका स्वच्छ निकाल मी कॉलेजातही पाहिला नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"डॉक्टर, एक सांगू का?" आई चाचरत म्हणाली. "सगळ्या पुड्यांत साखरच होती."

"काय?"

"रोडावलाय पोरगा. कशाला त्याच्या पोटात गोळ्या घालायच्या?"

"आणि ही यादी?"

"सूनबाईने मागितली, दिली लिहून."

डॉक्टरांनी मेकॅनिककडे पाहिलं. "साखरेने चक्कर, तीसुद्धा यादीबरहुकूम?"

मेकॅनिक छताकडे पाहू लागला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "वाफेवर?"

"किटलीच्या."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. मेकॅनिकला डोळ्यांसमोर नटबोल्टांचे खण दिसू लागले.

"आणि आजी, त्या गोळ्या कुठे गेल्या?"

"मी घेतल्या. वाया कशाला घालवायच्या? तीन रात्री अशी झोप लागली म्हणून सांगू!"

"दुसऱ्याचं औषध घ्यायचं नसतं हो! चक्कर तर नाही ना आली?"

"चक्कर?" आईचा चेहरा पांढराफटक पडला. "या गोळीने चक्कर येते? अगंबाई! फिरतंय की सगळं!"

ती खुर्चीतून कलली. मेकॅनिकने एका ढांगेत टेबल ओलांडलं, तिला अलगद झेललं आणि दोन्ही हातांवर उचलून तपासणीच्या पलंगावर ठेवलं. पाय जराही डगमगले नाहीत.

डॉक्टरांनी आधी आईचा रक्तदाब पाहिला, मग मुलाचा उभा करून, बसवून, वाकवून. सगळं चोख.

"घराणंच असं दिसतंय," ते म्हणाले. दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'उंचावरील कामास योग्य', आणि शिक्का मारला. "गोळी मात्र बंद. उरलेल्या इथे आणून द्या."

आईने डोळे मिटल्या मिटल्याच मान हलवली.

"चक्कर येऊ दे एक वेळ," ती क्षीण आवाजात म्हणाली, "पण तेवढं गोळ्यांचं पाकीट मागू नका हो, डॉक्टर."