गुन्हेगार शेजारीच

टीव्हीवर बाई एकटी. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवे गेलेले, खिडकीच्या पडद्याआडून सुरी धरलेला हात हळूच बाहेर येतोय. दूध डेअरीच्या खोलीत आम्ही दहाबारा जण श्वास रोखून बसलेलो. अशा वेळी लिंबाजीअण्णा अगदी सावकाश विचारतात, "समोरच्या दारात कोन ऱ्हातं हो?"

सिनेमा तिथंच बसतो. पुढं खून झाला काय अन् न झाला काय, सगळी खोली समोरच्या दाराचा विचार करू लागते.

लिंबाजीअण्णा आमच्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासतात. मी तिथला सेक्रेटरी. गाव घाटनांदूरपासून कोसभर. लॅक्टोमीटर दुधात बुडवायच्या आधी अण्णा दूध आणणाऱ्याचं तोंड बघतात आणि बहुतेक वेळा निकाल तिथंच लागतो. दुष्काळाच्या वर्षी एकाचं दूध पातळ लागलं, तर अण्णा म्हणाले, "प्यायला टँकरची वाट बघतूस, आन् दुधात घालायला पानी कुटून आनलंस बे?" गडी हसला, पण पुन्हा कधी पातळ दूध घेऊन आला नाही.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. जनावरं चारा छावणीला गेली, आणि दसरा झाल्यावर निम्मं गाव पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला गेलं. सकाळी साडेसातलाच डेअरीचं काम आटपायचं. चाऱ्याची माहिती दाखवायला म्हणून दूध संघानं एक टीव्ही दिला होता. दूध गार करायचं मशीन दुरुस्त करायला अंबाजोगाईहून रफिकभाई यायचा, त्यानं त्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सिनेमे सगळे एकाच जातीचे. शहर, उंच इमारत, फ्लॅट, आणि आत कुणाचं तरी डोकं हळूहळू फिरत चाललेलं.

यावरून आमच्यात रोज जुंपायची. रफिकभाईचं म्हणणं, "भीती बाहेर नसतीच अण्णा, मानसाच्या दिमागात असती. म्हणून तर हे सिनेमे भारी." माझं मत साधं. खुनी शेवटापर्यंत कळता कामा नये. आधी कळला की मला फसवल्यासारखं वाटतं. अण्णांना खुनी कोण याच्याशी कर्तव्यच नव्हतं.

"खून कुनीबी करू द्या," ते म्हणायचे, "गुन्हेगार शेजारीच. बाई आठ दिस झाले वरडायली, भिंतीपल्याडच्याला ऐकू जात न्हाई? आपल्याकडं म्हस जरा जास्त हंबारली तर चार घरं विचारत येत्यात. डोकंबिकं फिरलं न्हाई तिचं. तिला कुनी जेवलीस का म्हनून विचारलं न्हाई, एवढंच हाय."

"तसं विचारलं तर सिनेमा दहा मिनटात संपंल की!" रफिकभाई चिडायचा.

"संपू द्या. बाई तर वाचली!"

दोघांचं एकमत एकदाच झालं. सिनेमातली बाई नळ तसाच सोडून कसला आवाज आला ते बघायला गेली. टब भरला, पाणी वाहून हॉलपर्यंत आलं. "अगं तोटी बंद कर!" अख्खी खोली ओरडली. तेवढ्यात तिकडं खून झाला, तो कुणीच बघितला नाही.

अण्णांच्या या उलटतपासणीमागचं कारण आम्हाला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक वैशाली पुण्यात नोकरीला. चार वर्षांपूर्वी तिची आई गेली. दुष्काळाच्या त्याच वर्षी, उन्हाळ्यात, वैशालीनं होस्टेल सोडून सातव्या मजल्यावर एकटीनं फ्लॅट घेतला होता. अण्णा रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे, "शेजारी कोन हाय?" आणि ती रोज सांगायची, "माहीत नाही अण्णा, दारं बंद असतात." म्हणून लेक द्यायचं घर पारखावं तसे ते सिनेमातला एकेक फ्लॅट पारखत होते. रफिकभाईला सिनेमा थांबवायला लावून मजल्यावरची दारं मोजत होते.

दिवाळी झाल्यावर अण्णांनी ठरवलं, आपणच जाऊन पोरीची ओळख करून द्यायची. डोंगरातली सीताफळं तेवढी आली होती, लहान पण गोड. ती टोपलीभर घेतली, आणि मला बरोबर घेतलं.

"संस्थेचा शिक्का घ्या सेक्रेटरी," ते म्हणाले. "शहरातली मानसं शिक्क्याबिगर इस्वास ठेवत न्हाईत."

आणि मी घेतला, हे कबूल करायला हवं.

पुण्यात पोचल्यावर वैशाली आम्हाला चहा देऊन, आराम करा म्हणून बजावून ऑफिसला गेली. अण्णांनी दहा मिनिटं आराम केला. मग टोपली उचलून बाहेर. मजल्यावर आणखी तीन दारं. पहिल्या दोन दारांची बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. समोरच्या दाराला बघायचं भिंग होतं. आत माणूस आहे का ते बघावं म्हणून अण्णांनी त्या भिंगाला बाहेरून आपला डोळा लावला.

आतून किंकाळी आली.

"कोण आहे?"

"मी वैशालीचा बाप!"

"कोण वैशाली?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षं मी त्या माणसाबरोबर काम करतोय, पण तसा चेहरा कधी बघितला नव्हता. त्यांनी प्रत्येक दाराशी पेपरात गुंडाळून चार चार सीताफळं ठेवली आणि जिन्यानं खालच्या मजल्याकडं निघाले.

पाचव्या मजल्यावर वॉचमननं आम्हाला धरलं. कॅमेऱ्यातला अण्णांचा फोटो तोवर इमारतीतल्या सगळ्यांच्या फोनवर पोचला होता. धोतर, टोपी, दाराला लावलेला डोळा आणि खाली मजकूर : "संशयित इसम. दार उघडू नका. पुड्यांना हात लावू नका." मी घाबरून खिशातला शिक्का दाखवला. त्यानं वॉचमनचा संशय आणखीच वाढला.

पण अण्णा बोलायला लागले तसा तो थबकला. "कुनीकडले तुमी?"

"घाटनांदूरकडले."

"मी तलवाड्याचा, आपल्याच बीड जिल्ह्यातला," म्हणून त्यानं आम्हाला खाली नेलं आणि आपल्या खुर्च्या दिल्या.

वॉचमननं फोन केला तशी वैशाली ऑफिसातून धावत आली. मला वाटलं, आता बापाला झाडणार. तिनं तो फोटो बघितला आणि पोट धरून हसली. मग त्याच्याच खाली लिहिलं, "हे माझे वडील आहेत. सीताफळं आमच्या डोंगरातली आहेत. खा."

संध्याकाळी समोरचं दार उघडलं. सकाळी किंकाळी फोडणाऱ्या बाई पिकलेलं फळ कसं ओळखायचं ते विचारायला आल्या होत्या. अण्णांनी ते सांगितलंच, वर त्यांचं माहेर, गुडघेदुखी आणि परदेशातला मुलगा, सगळं विचारून घेतलं. जाताना बाई वैशालीला म्हणाल्या, "काही लागलं तर बेल वाजव गं. मी घरीच असते."

"बघितलं का सेक्रेटरी?" अण्णांना आभाळ ठेंगणं झालं होतं. "वाचली का न्हाई बाई?"

जेवायला बसलो. भाकरी वाढताना वैशाली खाली बघतच म्हणाली, "माझं झालं अण्णा. तुमचं काय? आपल्या गल्लीत नऊ घरं. आठांना कुलपं. सगळे ऊसतोडीला गेलेत, मार्चशिवाय येत नाहीत. न्हाणीत पाय घसरला, तर तुमचं कोण ऐकणार?"

अण्णा भाकरी कुस्करत राहिले. म्हणाले, "मला काय धाड भरली?"

माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. रोज सकाळी आम्ही शेजारीशेजारी बसून सिनेमे बघत होतो. अण्णांना त्यातला एकही आवडला नव्हता, तरी त्यांनी एकही चुकवला नव्हता, आणि शेवटची पाटी येईपर्यंत ते खुर्ची सोडत नसत. ते का, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

गावी आल्यापासून मी पहाटे डेअरीला जाताना त्यांच्या दारावर थाप मारतो. अण्णा आतून खेकसतात, "कावून वाजवायलाव? मी काय म्हातारा झालो का?" मग कडी काढतात आणि आम्ही बरोबर निघतो.

मध्यंतरी दूध संघाच्या कामाला मला अचानक बीडला जावं लागलं. दोन दिवस मुक्काम पडला. अण्णांना सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर बायको म्हणाली, "अण्णा तीनदा येऊन गेले. बीडला गेलेत म्हनून सांगितलं, तरी येतच होते. आत या म्हनलं तर आले न्हाईत. आला का, एवढंच इचारलं, उंबऱ्यापाशी जरा उभं ऱ्हायले आन् गेले."

मला फार वाईट वाटलं. पिशवी तिच्या हातात दिली आणि चपला न काढता तसाच त्यांच्या गल्लीकडं निघालो.