खालच्या टाकीचं सुतक

माणूस गेल्यावर घरातलं साठवलेलं पाणी दूषित होतं, ही गोष्ट आमच्याकडे सर्वमान्य आहे. माठ, कळशी, हंडा, पिंप, जे असेल ते अंगणात ओतून द्यावं लागतं. याला अपवाद एकच, गच्चीवरची टाकी. आमच्या धुळ्यातल्या देवपुरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे दोन हजार लिटरच्या टाकीपर्यंत सुतक पोहोचत नाही, असं शास्त्र आहे. (सुतकाला जिना चढवत नसावा.)

आमचे आबा गेले तेव्हा या शास्त्रापुढे नवाच प्रश्न उभा राहिला. बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय होतं. समुद्र धुळ्याकडे कधी फिरकला नाही, म्हणून आबांनी निवृत्तीनंतर तो घरीच तयार केला होता, गाळलेल्या पाण्यात खास मीठ मोजून घालून. त्यात दगड आणि एक पिवळा मासा. लोक बघतात ती ही वरची टाकी. तिच्याखाली, लाकडी कपाटात, दुसरी लहान टाकी होती. तिच्यात फक्त शेवाळ. माशाची घाण पाण्याबरोबर खाली यायची, ती खाऊन शेवाळ वाढायचं आणि स्वच्छ झालेलं पाणी पंपाने वर जायचं. जाणकार या खालच्या टाकीला रेफ्युजियम, म्हणजे आश्रयस्थान म्हणतात. (आश्रय कोण कोणाला देतं, हे स्पष्ट केलेलं नसतं.)

पाणी फेकण्याचं काम लताकाकूंनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाच्या बायकोने, पारोळ्याहून येताच हाती घेतलं. त्यांनी दोन्ही टाक्यांची पाहणी केली. वरचं पाणी नितळ आणि मासा हलता. ती टाकी उत्तीर्ण. खालच्या टाकीत हिरवा गुंता.

"काकू, ते राहू द्या," मी म्हटलं.

"बठ्ठं पानी फेकनं पडस, बेटा. मयतना घरमा पानी ठेवतस का? आनि हाई देख, कितलं शेवाळ चढेल शे! कव्हयपासून कोनी धुयेलच नही."

त्यांनी ते पाणी फाटकाजवळच्या मोगऱ्याला घातलं, शेवाळ कचऱ्यात टाकलं आणि टाकी घासून अशी लख्ख केली की तिच्यात कधी काही जगलं असेल अशी शंकाही येऊ नये. खाऱ्या पाण्याने मोगरा आठवड्यात वाळला. घरातल्या मृतांची संख्या अशी दोनवर गेली. मोगऱ्यासाठी कोणी आलं नाही.

शेवाळ नसल्यामुळे वरच्या टाकीत घाण साठू लागली आणि माशाने खाणं सोडलं. आबा रोज ज्या खुर्चीत बसत तिच्यासमोरच्या काचेशी तो यायचा. आता त्या खुर्चीत दिवसभर वेगवेगळी माणसं बसत. तो प्रत्येकासाठी काचेपर्यंत यायचा, बघायचा आणि परत जायचा. तो मला जगायला हवा होता. या मागणीला कारण जोडलेलं नाही.

आमच्याकडे कोणी गेलं की लोक दारावर येतात, म्हणजे भेटायला येऊन बसतात. तिथे काय बोलावं हे ठरलेलं नाही. काय बोलू नये हे ठरलेलं आहे. (जवळपास सगळंच.) माणसं सतरंजीकडे बघतात, मग पंख्याकडे, मग घड्याळाकडे. पण आमच्याकडे मत्स्यालय होतं. कोणीतरी विचारलं, "मासा सुस्त का गं?" मी सांगितलं की खाली नवं शेवाळ लावावं लागेल, कोणतं ते ठरवायचं आहे. त्या क्षणापासून त्या खोलीत शांतता अशी झालीच नाही. सांत्वनाचा मूळ विषय (आबा) सर्वानुमते बाजूला ठेवण्यात आला आणि निवड समिती आपोआप स्थापन झाली. अध्यक्षपद आबांचे चुलतभाऊ, भडगावचे चुडामण नाना, यांच्याकडे गेलं. ते जिथे बसतात तिथे अध्यक्षपद त्यांच्याकडेच जातं.

उमेदवारांचे फोटो मोबाइलवर हातोहात फिरले. कीटोमॉर्फा नावाची जात आबांकडे होती. तारेच्या घासणीसारखा हिरवा गुंता. कुठे चिकटत नाही, बसल्या जागी वाढते, वरचेवर अर्धी कापून टाकली तरी तक्रार करत नाही. "दिसायला काहीच नाही," असा शेरा पडला. ग्रॅसिलेरिया लाल, देखणी, माशालाही खायला आवडते. पण सुतकात लाल नको, म्हणून काकूंनी ती फेटाळली. तिसरी कॉलर्पा. द्राक्षांच्या घोसासारखी, भराभर वाढणारी. दोष एवढाच की ती पाइपांत घुसते, आणि बिनसलं तर एका रात्रीत विरघळून आजवर खाल्लेलं सगळं पाण्यात परत ओकते. हे ऐकून सभासदांना ती ओळखीची वाटली; प्रत्येकाला कोणी ना कोणी आठवलं. मतदानात द्राक्षांना सत्तर टक्के मतं पडली, घासणीला दहा. उरलेले वीस टक्के चहा घेत होते.

अध्यक्षांचं मत मात्र वेगळं होतं. "नूतन, मासा समुद्रना व्हता तव्हय व्हता," नाना म्हणाले. "आते तो धुयाना व्हई गया. त्याले गिरनामायनं शेवाळ दे." आणि पुढच्या खेपेला ते खरोखरच गिरणेच्या शेवाळाची ओली पिशवी घेऊन आले. एसटीत तिला त्यांनी खिडकीजवळची जागा दिली होती. नदीचं शेवाळ खाऱ्या पाण्यात मरतं, पण दारावर आलेल्या वडीलधाऱ्यांना हे सांगण्याची पद्धत नाही. मी ते अंगणात गोड्या पाण्याच्या बादलीत सोडलं आणि 'निरीक्षणाखाली आहे' असं कळवलं.

दरम्यान नानांचा मुलगा अभिमन याने तंत्रज्ञानाची बाजू सांभाळली. दवाखान्याच्या दिवसांत त्याने 'आबा तब्येत' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. तो रिकामाच पडून होता. त्याने त्याचं नाव बदलून 'शेवाळ अपडेट' केलं.

जळगावात असाच छंद असलेल्या एका गृहस्थांकडून मी घासणीची जात आणली. समितीला विचारलं नाही. पाणी नव्याने तयार केलं, शेवाळ वाढायला लागतो तो खालचा दिवा लावला. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, आदल्या दिवशी मासा काचेशी आला आणि खाल्लं त्याने. मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं. क्षणात अंगठ्यांची रांग लागली. आबा गेल्याच्या निरोपाखाली इतके हात जोडले गेले नव्हते.

गंधमुक्तीला आलेल्या प्रत्येकाने आधी कपाटात वाकून पाहिलं, मग फोटोला फूल वाहिलं. जेवणाआधी नाना श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलायला उभे राहिले. मी पदर नीट केला. ऐकायची फार इच्छा होती.

"बठ्ठासनी मेहनत करी," नाना गहिवरून म्हणाले, "म्हनीसन मासा वाचना." आणि खाली बसले. लोकांनी डोळे पुसले.

मी त्यांना दोष देत नाही. तुम्हीही इथवर येताना तिन्ही जातींचे गुणदोष नीट लक्षात ठेवले असतील, मनातल्या मनात मतही दिलं असेल. मासा वाचला म्हणून तुम्हाला बरंही वाटलं असेल. आबांचं नाव काय होतं आणि ते कशाने गेले, हे अजून कोणी विचारलेलं नाही.