चौथा धडा रुमालाखाली

आमच्या शेजारच्या तात्यांनी म्हैस पारखायचा ऑनलाइन कोर्स काढलाय. त्यातला चौथा धडा अकरा मिनिटांचा आहे आणि अकराही मिनिटं पडद्यावर फक्त एक रुमाल दिसतो.

तात्यांनी घोडेगावच्या बाजारात हयातभर जनावरांची दलाली केली. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात. शूटिंग माझ्या मोबाईलवर. मी म्हटलं, "तात्या, रुमाल काढा की! पोरांना बोटं दिसू द्या."

"येडा झाला का मास्तर? झाकला भाव उघडा करू? बाजारात तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई!"

झालं! दात, कास, शिंगं हे तीन धडे लोकांनी आवडीनं पाहिले आणि चौथ्यात बावीसच्या बावीस जण अडकले. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो, तेव्हा अक्कल शिकवायचा हक्क माझाच. छोटे व्हिडिओ करा, मधे प्रश्न विचारा, रंगीत सर्टिफिकेट द्या, सगळं सांगून झालं. तात्यांचं आपलं एकच, "बघून काय कळतंय? हाताला कळाया पायजे."

मग या गृहस्थानं काय करावं? अडकलेल्याला फोन लावायचा, पत्ता विचारायचा आणि मोपेडवर बसून थेट दारात हजर! सुप्याला कारखान्यात कामाला असलेल्या एकाला तर जेवणाच्या सुट्टीत गेटवर गाठला, रुमालाखाली हात घेतला, बोटं शिकवली, चहा पिऊन परत. याला ऑनलाइन म्हणायचं? मी कपाळाला हात लावला.

पण झाडून सगळ्यांनी कोर्स पुरा केला. माझ्या क्लासची निम्मी सर्टिफिकेटं कपाटात पडून आहेत. जळलो मी, खोटं कशाला बोलू?

शेवटचा विद्यार्थी पास झाला त्या दिवशी पेढे घेऊन गेलो. तात्या ओट्यावर बसलेले, रुमालाची घडी मांडीवर.

"सगळे पास झाले की हो!"

"व्हय," तात्या म्हणाले. "आता कुनाकडं जायचं?"

काकू जाऊन दोन वर्षं झाली. घरात दुसरं माणूस नाही. भिंतीला भिंत लागून राहतो आणि हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. फार लाज वाटली.

"तात्या, चौथा धडा मला कुठं येतोय? मी नुसतं शूटिंग केलं."

त्यांनी रुमाल झटकला, माझा हात खाली ओढून घेतला. मी भावाची वाट बघत बसलो. तात्यांनी एकही बोट दाबलं नाही, नुसता हात धरून ठेवला.

"किती झाले, तात्या?"

"थांब की रं जरा," ते म्हणाले. "घाई हाय का तुला?"