धोंडाबाईच्या ओट्याला लागलेली होडी

"खाडीत वीस वर्षं काढलीत म्या! भरती कवा, ओहोटी कवा, नुसत्या वासावरनं सांगतो. तुमचं धरण म्हंजी काय? बादली!"

चांगदेवमामांनी असं जाहीर केलं आणि प्राचीने लाइफ जॅकेटचा पट्टा गुपचूप आणखी आवळला. मामा दापोलीकडच्या एका शेटजींच्या खासगी बोटीवर होते, हे खरं. तिथे ते भजी तळायचे, हे तिला आईने आदल्याच दिवशी सांगितलं होतं!

होडी तात्यांची, म्हणजे प्राचीच्या वडिलांची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती कोकणातून टेम्पोत घालून डिंभे धरणावर आणली, निळी रंगवली, इंजिन बसवलं आणि साळुबाईंना, म्हणजे प्राचीच्या आईला, सांगितलं, "या मे महिन्यात तुला तुझ्या दारात नेऊन उतरवतो." दार धरणात बुडालेल्या जुन्या गावातलं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की आठ-दहा दिवस तिथल्या घरांची जोती उघडी पडतात. तात्या माघातच गेले. मे मात्र वेळेवर आला. आईला आपल्या उंबऱ्यावर एकदा बसायचं होतं. दुसरं तिने काही मागितलं नव्हतं. म्हणून प्राचीने रजा टाकली आणि मामांना बोलावलं.

पहिला अर्धा तास दृष्ट लागावी असा गेला. मामा सुकाणूला असे बसले होते, जणू अरबी समुद्र त्यांच्या आज्ञेत होता. साळुबाई भाकरीवर ठेचा घालून एकेकाला देत होत्या. आणि मग खाडकन आवाज झाला! ठेचा मामांच्या डोळ्यात गेला!

"खडक!" मामा ओरडले.

साळुबाईंनी वाकून पाहिलं आणि त्या ताठ झाल्या. "खडक न्हाई. धोंडीचा ओटा हाय ह्यो!"

धोंडाबाई म्हणजे जुनी शेजारीण. गाव उठलं त्या दिवशी साळुबाईंचा माहेरचा पाटा हरवला. तो धोंडाबाईच्या ट्रॉलीत गेला, असं साळुबाई म्हणाल्या. त्यावर धोंडाबाई काय म्हणाल्या, ते प्राचीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण धोंडाबाईंनी बोलावल्याशिवाय त्यांच्या ओट्यावर पाय ठेवणार नाही, अशी साळुबाईंनी शपथ घेतली. त्याला तीस वर्षं झाली. आणि आता होडी नेमकी तिथेच रुतली होती!

"घाबरू नका!" मामांनी खिशातून भरती-ओहोटीचं घडी घातलेलं कोष्टक काढलं. "सहा तासांत भरती येतीय."

"मामा, हे धरण आहे."

"पाणी ते पाणीच की राव!"

"कालव्याला पाणी सोडलंय. ते उतरतच जाणार. इथली भरती आषाढात येते."

मामांनी कोष्टक उलटसुलट पाहिलं. आषाढ त्यात नव्हता.

उपाय एकच, वजन कमी करायचं. "आई, उतर."

"म्या न्हाई!"

"अगं, घराला भिंत नाही, छप्पर नाही. ओट्यावर नुसता एक खेकडा आहे!"

"खेकडा बोलावतोय का मला? मग?"

होडीच्या पोटाची ओली रेघ बघता बघता चार बोटं वर आली. प्राचीने मोबाइल काढला. तात्यांच्या दहाव्याला धोंडाबाई मंचरहून आल्या होत्या. आई आतल्या खोलीतून बाहेर आली नव्हती. नंबर मात्र प्राचीने घेऊन ठेवला होता.

"साळू? माझ्या ओट्यापाशी? आन् उतरंना?" पलीकडून हसू फुटलं. "दे तिला."

प्राचीने फोन आईच्या कानाला लावला. आवाज मात्र सगळ्या धरणाला ऐकू येत होता.

"साळू, ये. पाय धुवून ये पर."

"धरणात हाय म्या, धोंडे!"

"मग ये की बाई. कवाची वाट बघतीय."

साळुबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या उतरल्या. मागून प्राचीही उतरली. होडी हलकी झाली, सुटली, आणि वाऱ्याबरोबर निघाली! मामांसकट!

"मामा, उडी मारा!"

"कप्तान होडी सोडत नसतो!" मामा लांब लांब जात म्हणाले. इंजिनाची दोरी ते ओढत होते, आणि गाळ खाल्लेलं इंजिन नुसतं खोकत होतं.

दोन जोती ओलांडली की साळुबाईंचा उंबरा. त्या त्याच्यावर बसल्या आणि त्यांनी हाताने गाळ पुसला. प्राची डोंगराकडे बघत राहिली. तात्यांनी सांगितलं तसं झालं होतं. दोन घरं चुकली, एवढंच.

मग साळुबाई उठून चुलीच्या जागेकडे गेल्या आणि थबकल्या. गाळातून एक चपटा दगड डोकावत होता. टाकीचे घाव, उडालेला एक कोपरा.

पाटा! स्वतःच्याच चुलीमागे, तीस वर्षं!

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात मोबाइलमधून आवाज आला, "प्राची, व्हिडिओ लाव की गं! माझं घर दाखव. साळूचं बी दाखव!"

साळुबाई ज्या चपळाईने पदर पसरून खाली बसल्या, ती त्यांच्या गुडघ्यांत आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

"कशावर बसलीस गं?"

"दगडावर," साळुबाई म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तासाभराने जानकू मासेवाला मामांना होडीसकट दोरीने ओढत घेऊन आला. "चला आजी!" पण पदराखाली पाटा होता, आजी उठेनात. तीस वर्षांचं बोलणं साठलं होतं आणि धोंडाबाई आत्ता कुठे मुलांच्या लग्नांपर्यंत आल्या होत्या.

"बॅटरी संपंल की आत्ता," साळुबाई ओठ न हलवता पुटपुटल्या.

प्राचीने पाहिलं. एक्क्याऐंशी टक्के होती.