नारायणगुड्याची डबेझडती मौकूफ जाहली, त्याची हकीकत

स्वस्ति. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी, भागानगर ऊर्फ हैदराबाद शहरी, नारायणगुड्याचे गल्लीत जे रण माजले त्याची साद्यंत हकीकत तिखटमीठ न लावता लिहिली असे. थोरांच्या लढाया लिहावयास थोर लेखणीवाले आहेत. एका शिवणकारखान्यातली लढाई कोणी तरी लिहिलीच पाहिजे, नाहीतर पुढील पिढ्यांस वाटेल की धंदे आपोआप चालतात.

राजश्री भगवंतराव, शालेय गणवेशांचे कुलमुखत्यार, यांचा अंमल अकरा माणसे, नऊ शिलाईयंत्रे व एक इस्त्रीचे टेबल यांजवर तीस वर्षे अव्याहत चालत होता, आणि आसपासच्या सात शाळांची पोरे त्यांच्याच चड्ड्या घालून विद्या शिकत होती. राव दिलाचे मोठे. काजबटणांच्या मुखत्यार मालनबाई यांच्या डोळ्याचे ऑपरेशन जाहले, तेव्हा खासा स्वारी दवाखान्याच्या बाकावर तीन दिवस ठाण मांडून होती. परंतु एक दस्तूर मोठा सक्त. सायंकाळी साडेसहास कारखाना सुटला की राव दारात उभे राहत आणि एकच शब्द उच्चारीत, "डबा." मग हर एकाने पिशवी उघडावी आणि डबा उघडावा आणि हुजुरांची नजर उरलेल्या भाजीवरून फिरावी आणि मगच घरची वाट धरावी. याचे मूळ असे की, सतरा वर्षांमागे कोणी एक कारागीर डब्यात कापड दडपून नेता सापडला. तो त्याच दिवशी गेला, पुढे त्याचे नावही कोणास आठवेना, आणि झडती तेवढी मागे राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती या दारात रोज साडेसहास होत असे.

अशात रावांची कन्या शिल्पादेवी पाच वर्षे हायटेक सिटीतील एका बड्या कंपनीत मनुष्यबळाचा कारभार करून, तेथील काचेच्या इमारतींस कंटाळून, वडिलांचे मुलखात दाखल जाहल्या. रावांनी संतोष पावून कारभाराचे कुल अखत्यार दिले. दाराचे मात्र दिले नाहीत.

शिल्पादेवींनी मुलखाची पाहणी केली तो वर्तमान बाके. सालभरात तीन शिंपी निघून गेले होते, आणि कारण पुसता तिघांनीही घर लांब पडते म्हणून सांगितले, त्यातला एक तर वरच्या मजल्यावर राहत होता. त्याहून बाके असे की, कटिंगमास्तर सूर्यभान, ज्यांच्या कात्रीखाली बोटभर कापड वाया जात नसे, ते बावीस वर्षांचे जुने सरदार अलीकडे मुके जाहले होते, आणि सिकंदराबादेच्या एका गणवेशवाल्याचे हरकारे त्यांच्या घरी चहास येऊ लागले होते. शाळा उघडावयास पंधरा दिवस, बाराशे गणवेश कापावयाचे बाकी, आणि मास्तर गेले तर कारखाना बसलाच. हे शिल्पादेवींनी ताडिले.

मग त्यांनी कंपनीतून शिकून आणलेली सर्व हत्यारे परजली. प्रथम केकाची मोहीम काढिली. मास्तरांचा वाढदिवस नेमून अंड्याविना केक आणविला, टाळ्या वाजविल्या, आणि मास्तरांनी आपला तुकडा घरी न्यावा म्हणून डब्यात ठेविला. साडेसहास त्या केकाचीही झडती जाहली. पहिली मोहीम येथे शिकस्त खाऊन परतली.

दुसरी मोहीम तक्रारपेटीची. हुकूम सादर जाहला की, ज्यास जे सलते ते त्याने बिननावी लिहून पेटीत टाकावे, आणि जी चिठ्ठी निघेल ती सर्वांसमक्ष वाचली जाईल, कारभारात पडदा राहणार नाही. पेटी रावांच्या खोलीसमोर, कॅमेऱ्याचे खाली लाविली. चार दिवस तीत धूळही पडली नाही. तेव्हा मालनबाई सुई दातात धरून म्हणाल्या की, वाघाच्या गुहेपुढे दानपेटी ठेवून काय फायदा? मग पेटी इस्त्रीच्या टेबलामागे हलविली, आणि दुसरेच दिवशी एक चिठ्ठी निघाली.

चिठ्ठी मराठीत होती, आणि येथेच घात जाहला. शिल्पादेवी घरी मराठी बोलत, बाजारात तेलुगू व दखनी, आणि शिक्षण सारे इंग्रजीत. छापील अक्षर लावून लावून वाचीत, परंतु हे अक्षर घाईचे, एकास एक चिकटलेले. दोन घटका झटून त्यांस एकच शब्द उमगला, तो तीन वेळा आला होता, आणि तो म्हणजे डबा. वडिलांस वाचावयास द्यावे तर ते हसतील, की मराठ्याची पोर आणि मराठी येईना. ती लाज आड आली. स्वतःच्याच हुकुमाचा विसर पाडून त्यांनी चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि मनाशी अर्थ लाविला की, मंडळींचे डबे जुने जाहले.

मग शिल्पादेवींनी बेगम बाजारावर स्वारी केली आणि तेथील भांडेआळी पालथी घालून अकरा डबे, स्टीलचे, चार पुडांचे, प्रत्येकावर नाव कोरलेले, रिक्षात घालून विजयी मुद्रेने आणिले. मंडळींनी डबे घेतले. कोणी हसले नाही. आणि साडेसहास असे जाहले की, जेथे पूर्वी एक झाकण उघडावे लागे, तेथे आता चार पुडे उघडावी लागली, आणि रांग जिन्यापर्यंत गेली.

दुसरे दिवशी सकाळी सूर्यभान मास्तरांनी कात्री पुसून टेबलावर ठेविली आणि सोमवारपासून येणार नाही असे कळविले. शिल्पादेवी धावत आल्या. मास्तर म्हणाले, "चिठ्ठी माझीच होती बेटी. वाचून वर डबेच आणले तुम्ही."

शिल्पादेवींनी खाली मान घालून सांगितले, "मास्तर, मला वाचता नाही आली. सांगायची लाज वाटली. तुम्हीच वाचा ना."

"नक्को. एकदा लिहिली ती लिहिली. तोंडानं नाही बोलवत."

आता कारखान्यात मराठी वाचणारा कोण? मालनबाईंस अक्षरओळख नाही, शिंपी मंडळींस तेलुगू आणि उर्दू. राहिले एक भगवंतराव. शिल्पादेवींनी मन घट्ट केले, चिठ्ठी वडिलांचे हाती दिली आणि सर्वांसमक्ष वाचण्याचा हुकूम याद करून दिला. राव खूश. मुलीच्या मराठीवर दोन शब्द सुनावून, चष्मा लावून, खणखणीत आवाजात त्यांनी वाचन आरंभिले.

"सेठ, बावीस वर्षं झाली. थानच्या थान कापड विश्वासानं माझ्या हाती देता, आणि डबा उघडून बघता. मागल्या महिन्यात नात दीक्षा मला न्यायला आली होती. दारात डबा उघडताना तिनं बघितलं. रस्त्यात तिनं विचारलं, आजोबा, तुम्ही काय चोरलं होतं? मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, मग डबा का बघतात? मला उत्तर आलं नाही."

अर्ध्यावरच रावांनी थांबून चष्मा पुसला, परंतु हुकूम पूर्ण वाचण्याचा होता आणि त्यांनी तो पूर्ण पाळिला. नऊही यंत्रे बंद होती. राव खोलीत गेले आणि दार लागले. दुपारचा चहा तसाच परत आला. शिल्पादेवींस वाटले, मास्तरही गेले आणि वडीलही दुखावले, आणि त्या कापडाच्या ढिगावर बसून रडल्या, हे लिहिण्यास चुकू नये.

साडेसहास राव नित्याप्रमाणे दारात आले. रांग लागली. मास्तर पुढे, सवयीने हात झाकणाकडे गेला. रावांनी तो हात धरिला आणि डब्याची कडी आपल्या हाताने घट्ट लाविली.

"मास्तर, नातीला सांगा, चूक आजोबांची नव्हती. सेठची होती."

मास्तरांनी डबा पिशवीत घातला. मग म्हणाले, "मी सांगून ती नाही मानायची. उद्या घेऊन येतो. तुम्हीच सांगा."

आणि दुसरे दिवशी दीक्षाबाई, वय वर्षे सहा, दोन वेण्या घालून कारखान्यात दाखल जाहल्या. भगवंतरावांनी आयुष्यात बँकेच्या मॅनेजरापुढेही मान लवविली नव्हती. ते त्या पोरीपुढे गुडघ्यावर आले, तेव्हा गुडघे वाजले ते सर्वांनी ऐकिले. त्यांनी सांगितले की, तिच्या आजोबांनी कधी काही चोरले नाही आणि आपण उगाच बघत होतो. दीक्षाबाईंनी पुसले की, उगाच का? रावांस उत्तर आले नाही. तेव्हा बाईंनी क्षणभर विचार करून, पुन्हा असे करू नये अशी सक्त ताकीद देऊन, माफी बहाल केली.

येणेप्रमाणे डबेझडती दरोबस्त मौकूफ जाहली. मास्तर सोमवारी कात्रीवर हजर, सिकंदराबादेस नकाराचा निरोप रवाना, बाराशे गणवेश शाळेच्या घंटेआधी पोहोचते जाहले. शिल्पादेवी रोज पाच ओळी मराठी गिरवितात आणि मास्तर त्या तपासतात. मोहीम फत्ते. उभय पक्षी जखमी कोणी नाही, खेरीज रावांचे गुडघे.